होमस्टेमध्ये पनीर मागू नका

ज्याला पनीर बटर मसाला, तंदुरी रोटी, चोवीस तास गरम पाणी आणि सकाळी कांदेपोहे हवेत, त्याने हॉटेलात उतरावं. त्यात काही गैर नाही. हॉटेलं त्यासाठीच असतात. पण ज्याने होमस्टे बुक केला, म्हणजे कुणाच्या तरी घरात पाहुणा म्हणून राहायचं ठरवलं, त्याने त्या घरात जे शिजतं ते खावं आणि त्या घरातली माणसं जशी राहतात तसं चार दिवस राहावं. एवढी साधी गोष्ट सांगायला आजचा लेख आहे. काहींना झोंबेल. झोंबू दे.

नोकरीच्या वीसेक वर्षांत कुमाऊं, सिक्कीम, अरुणाचल आणि लडाख अशा पोस्टिंग झाल्या. सगळीकडे होमस्टेच्या पाट्या माझ्या डोळ्यांदेखत वाढल्या. त्या पाट्यांचा मला आनंदच आहे. फक्त आत शिरल्यावर घर कमी आणि लॉज जास्त दिसायला लागलाय, आणि याला जबाबदार घरमालक नाहीत. जबाबदार आपण आहोत, सुट्टी घालवायला जाणारे. आपण म्हणजे पुण्या-मुंबईचे, नागपूरचे, नाशिकचे, आणि तसेच दिल्ली-अहमदाबादचे. आज लडाखबद्दल लिहितो, कारण तिथे ही गोष्ट सगळ्यात उघडी दिसते.

आधी होमस्टे म्हणजे काय ते बघू. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची होमस्टेसाठी नोंदणीची योजना आहे. तिच्यात भाड्याच्या खोल्या जास्तीत जास्त ६, आणि मालकाचं कुटुंब त्याच घरात राहत असलं पाहिजे ही अट. म्हणजे सरकारी कागदसुद्धा सांगतो की तुम्ही विकत घेताय ती खोली नाही, चालत्या संसारातला एक कोपरा आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात होमस्टेसाठी मुद्रा कर्जाची घोषणा झाली. चांगलं झालं. पण कर्ज भिंतींना मिळतं, फरशीला मिळतं, गीझरला मिळतं. चुलीपुढे बसून पाहुण्याला चार गोष्टी सांगणाऱ्या बाईच्या वेळेला कोणी कर्ज देत नाही, आणि होमस्टेमधली खरी वस्तू तीच आहे.

लडाख १९७४ साली पर्यटकांसाठी खुलं झालं. बरीच वर्षं येणारा प्रवासी लेहच्या हॉटेलात उतरायचा, गावागावांतून फिरायचा आणि पैसा लेहमध्येच ठेवून जायचा. गावाच्या वाट्याला धूळ. या शतकाच्या सुरुवातीला हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या रुम्बकसारख्या गावांत वेगळा प्रयोग झाला. तिथे हिमबिबट्या गोठ्यात शिरून शेळ्या-मेंढ्या मारायचा. एकदा आत शिरला की एक मारून थांबत नाही. चिडलेला गावकरी मग बिबट्याला मारायचा. वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या मंडळींनी गोठे जाळीने बंदिस्त करून दिले आणि घरातल्या बायकांना पाहुणे ठेवायला शिकवलं. पाहुणा कोणत्या घरात जाईल हे पाळीने ठरायचं, म्हणजे ज्याची खिडकी छान त्यालाच गिऱ्हाईक असा प्रकार नाही. जेवण घरचं. उत्पन्नाचा काही भाग गावासाठी बाजूला. ज्या जनावराचा राग यायचा, तेच बघायला लोक येतात आणि त्यामुळे घरात पैसा येतो, हे कळल्यावर बिबट्या वाचला. यात हॉटेलचा मेनू कुठे होता? कुठेच नव्हता.

आता खाण्याकडे येतो, कारण खरी तक्रार तिथलीच असते. 'तिकडे खायला काही मिळत नाही हो!' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा हिशेब ठेवणं सोडलं. काही मिळत नाही म्हणजे काय मिळत नाही, ते बघा.

लडाखी घरात संध्याकाळी स्क्यू होतो. कणकेचे छोटे गोळे अंगठ्याने दाबून वाटीसारखे करायचे आणि सलगम, बटाटा, गाजर, पालेभाजीच्या रश्शात शिजवायचे. मांस असलं तर घालायचं, नसलं तर नाही. अहो, या आपल्या चकोल्या आहेत. सोलापूरकडचा माणूस तर याला शेंगोळ्यांचा भाऊ म्हणेल. छुतागी म्हणजे त्याच कणकेला गाठीसारखा आकार देऊन केलेला प्रकार. सकाळी खंबीर मिळतो, आंबवलेल्या पिठाचा जाडसर पाव. सोबत लोणी आणि जर्दाळूचा मुरंबा. पाबा म्हणजे भाजलेल्या सातूचं आणि वाटाण्याचं पीठ गरम पाण्यात घोटून केलेला गोळा. आपल्याकडे नाचणीची उकड करतात, त्याच जातीचा. त्याच्याबरोबर तांगतुर, म्हणजे दह्या-ताकात घातलेली पालेभाजी. ताकातला पालक आवडीने खाणाऱ्या मराठी माणसाने याला नाक मुरडावं, याचं मला हसू येतं. आणि न्गाम्फे, म्हणजे भाजलेल्या सातूचं पीठ. सातूचं पीठ हा शब्द आपल्या आजीच्या तोंडी होता. गूळ आणि दूध घालून ती द्यायची. आपण तो फडताळातून काढून टाकला, आणि लडाखमध्ये समोर आला तर ओळखत नाही.

हे पदार्थ आवडीनिवडीने ठरलेले नाहीत, उंचीने ठरलेत. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तिथे पाणी साधारण ८८ अंशांनाच उकळतं. म्हणून राजमा, छोले, हरभरा प्रेशर कुकरशिवाय शिजता शिजत नाहीत, आणि कुकर असला तरी जळण जास्त लागतं. जिथे झाडं मोजून आहेत तिथे जळण म्हणजे शेणी आणि पॉप्लर-विलोच्या फांद्या. सातू आधीच भाजून दळून ठेवला की पुढे शिजवायची गरजच नाही. गरम पाणी किंवा चहा ओतला की जेवण तयार. लडाख स्काउट्सच्या जवानाच्या पिशवीत हे पीठ असायचंच. गस्तीवर जिथे स्टोव्ह पेटायला अर्धा तास लागतो, तिथे तो मूठभर पीठ चहात कालवून दोन मिनिटांत मोकळा. उन्हाळ्यात वाळवलेल्या भाज्या, कडक वाळवलेलं छुरपे, छपरावर पसरलेले जर्दाळू, हे सगळं आपल्या सांडग्या-पापडांसारखं वाळवणच. वर्षातून एकच पीक येतं आणि हिवाळा सहा महिने. त्याची ती बेगमी.

तब्येतीचंही तेच. फौजेत कुणी नवीन माणूस या उंचीवर आला की ९,००० ते १२,००० फुटांच्या टप्प्यात त्याला ६ दिवस शरीर जुळवून घ्यायला देतात. पहिले २ दिवस नुसती विश्रांती. पातळ खा, भरपूर पाणी प्या, तेलकट टाळा, दारूला हात लावू नका, हे मेडिकल ऑफिसर कानीकपाळी ओरडून सांगतो. लडाखी घरातलं सूप, थुक्पा, स्क्यू हे नेमकं तेच जेवण आहे. आणि आमचा पर्यटक दुपारी विमानाने उतरतो, संध्याकाळी बटरमध्ये पोहणारं पनीर मागतो आणि रात्री डोकं धरून बसतो. मग म्हणतो, लडाख मानवत नाही.

आता एक प्रसंग सांगतो. लेहच्या पश्चिमेला, सिंधू नदी जिकडे वाहत जाते त्या बाजूला, शाम नावाचा भाग आहे. तिथल्या एका गावात आम्ही रजेत चार दिवस राहिलो होतो. बायको, मुलगी आणि मी. घरात आमा-ले, म्हणजे आई. लडाखीत नावामागे किंवा नात्यामागे 'ले' लावलं की आपल्या 'जी'सारखा मान होतो. त्यांचे यजमान, सून आणि पाच वर्षांचा नातू. जुलै संपत आलेला. जर्दाळू पिकायला लागलेले.

त्या घराचा दिवस पहाटे सुरू व्हायचा. गावात पाण्याच्या पाळ्या ठरवायला चुरपोन म्हणून एक माणूस नेमलेला असतो. कोणाच्या शेतात किती वेळ पाणी, ते तो सांगतो आणि त्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. आमच्या यजमानांची पाळी पहाटे होती. दुसऱ्या दिवशी मीही फावडं घेऊन त्यांच्याबरोबर गेलो. बर्फ वितळून आलेलं पाणी दगड-माती सरकवून एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवायचं. तासाभरात बोटं बधिर. परत आलो तर सून झोमोचं दूध काढून चुलीपाशी आलेली. झोमो म्हणजे याक आणि गाईच्या संकराची मादी. मग गुरगुर चहा, मीठ आणि लोणी घालून घुसळलेला. चहा म्हणून तोंडाला लावलात तर फसाल. सूप समजून प्या, थंडीत त्याच्यासारखं काही नाही.

लडाखी घरात स्वयंपाकघर हीच मुख्य खोली असते. मधोमध चूल, भिंतीभर फळ्यांवर तांब्या-पितळेची भांडी लख्ख घासून मांडलेली, खाली गालिचे आणि बुटकी लाकडी टेबलं. चुलीच्या जवळची जागा वडीलधाऱ्याची. पाहुण्याला तिथे वर बसवतात. संध्याकाळी माझी मुलगी आमा-लेंच्या शेजारी बसून अंगठ्याने स्क्यू दाबत होती. तिचे सगळे वाकडे. आमा-ले हसून म्हणाल्या, 'कोई बात नहीं बेटी, पेट में सब सीधा हो जाता है।'

तेवढ्यात गाडी थांबली आणि आठ माणसांचा ग्रुप आत आला. पुण्याचे. मराठी ऐकून आम्हाला बरं वाटलं. ते बरं वाटणं दहा मिनिटं टिकलं.

'भाभीजी, खाने में क्या है?'

आमा-लेंनी सांगितलं.

'वो नहीं चलेगा. पनीर बना दो ना. और रोटी, पतली वाली. बच्चों के लिए मॅगी.'

घरात पनीर नव्हतं. यजमान काही न बोलता उठले आणि शेजाऱ्याची गाडी घेऊन खालच्या बाजारात गेले. परत यायला त्यांना दोन तास लागले. पहाटेपासून शेतात राबलेला माणूस. सुनेने दुसरी चूल पेटवली. आमचा स्क्यू झाकून ठेवला, कारण त्या दोघी पाहुण्यांच्या आधी जेवणार नव्हत्या. रात्री साडेदहाला पनीर पानात पडलं आणि निम्मं उरलं.

ग्रुपमधले एक काका माझ्याजवळ आले. सज्जन माणूस, बँकेतून निवृत्त झालेले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, 'साहेब, तुम्ही फौजी माणसं, तुम्हाला सवय असते. आम्ही पैसे मोजून येतो.'

मी म्हटलं, 'काका, पैसे मीही मोजलेत.'

'हो, पण सुट्टीत माणसाला आपलं खायला मिळायला हवं की नको?'

'आपलं घरी रोज मिळतं ना?'

ते हसले आणि विषय बदलला. सकाळी ग्रुप गेला. आठवड्याभरात इंटरनेटवर त्या घराला तीन तारे मिळाले. खाण्यात पर्याय नाहीत, संडास जुन्या पद्धतीचा, गरम पाणी बादलीतून. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते घातक होतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच रस्त्याने ड्युटीवर जाताना मी जीप थांबवली. अंगणालगतच्या सातूच्या शेतात निम्म्यावर मुरूम टाकून पार्किंग केलेलं. मागे सिमेंटची नवी न्हाणीघरं. बाहेरून आणलेला एक स्वयंपाकी पोरगा. प्लॅस्टिक चढवलेला मेनू. पनीरचे चार प्रकार, चाउमिन, मॅगी आणि सगळ्यात खाली 'लडाखी स्पेशल, आधी सांगितल्यास'. ज्या घरात तेच जेवण रोज होतं, तिथे ते आता आधी सांगावं लागत होतं! आमा-ले आतून आल्या, जुले म्हणाल्या, चहा घ्या म्हणाल्या. कर्ज फिटतंय का विचारलं, तर म्हणाल्या, 'सीज़न अच्छा गया तो हो जाएगा।'

संडासाचा विषय निघालाच आहे तर तोही स्पष्ट बोलू. लडाखी घरातला पारंपरिक संडास कोरडा असतो. वरच्या मजल्यावर मातीच्या जमिनीला भोक, कोपऱ्यात माती-राखेचा ढीग आणि फावडं. काम झालं की फावडंभर माती टाकायची. पाणी नाही, वास नाही, कारण हवा कोरडी. वर्षभरात खालच्या खोलीत खत तयार होतं, ते वसंतात शेतात जातं, त्यावर सातू येतो, त्या सातूचा पाबा होतो. लेहला वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला पावसाळ्यातल्या एका दिवसात एवढा पडून जातो. गावाला पाणी मिळतं ते हिमनद्या आणि बर्फ वितळून, तेही पेरणीच्या वेळी कमी आणि नंतर जास्त. वसंतातली ही टंचाई भागवायला सोनम वांगचुक यांनी हिवाळ्यात पाणी गोठवून बर्फाचे स्तूप उभे करायची युक्ती काढली. अशा ठिकाणी आपण दर वेळी पाच-सहा लिटर पिण्याचं पाणी संडासात ओतायचं म्हणतो. ते मैलापाणी शोषखड्ड्यातून पुन्हा जमिनीत जातं, जिथून बोअरवेल पाणी ओढते. लेह शहरात हे होऊन बसलंय. आता गावांची पाळी आहे.

म्हणजे पनीर आणि फ्लश या दोन वेगळ्या मागण्या नाहीत. फ्लश आला की खत गेलं. खत गेलं की शेतात विकतचं खत आलं किंवा शेत पडीक राहिलं. सातू गेला की पाबा गेला. मग पनीरशिवाय देण्यासारखं खरंच काही उरत नाही, आणि पुढचा पर्यटक म्हणतो, तिकडे खायला काही मिळत नाही.

यावर माझ्याशी वाद घालणारे बरेच भेटलेत. त्यांचे मुद्दे टाळत नाही.

पहिला मुद्दा काकांचा, पैशाचा. पैसे मोजले म्हणजे सगळं विकत घेतलं असं होत नाही. तुम्ही भाडं दिलंय खोलीचं आणि घरच्या जेवणाचं. दुसऱ्याच्या शेतकऱ्याला रात्री दोन तास गाडी चालवायला लावायचं नाही. शिवाय हिशेबच मांडायचा तर नीट मांडा. घरच्या सातूचं, घरच्या भाजीचं, घरच्या दुधाचं जेवण तुम्ही जेवलात तर तुमचा रुपया त्या घरात राहतो. पनीर, मैदा, तेल, टोमॅटो प्युरी, मॅगी हे सगळं झोजिलावरून किंवा मनालीकडून ट्रकने येतं. ते मागितलंत की तुमच्या रुपयातला मोठा हिस्सा घाटाखाली परत जातो. स्वयंपाकी बाहेरून आणला की बाईचा वाटाही जातो, आणि घराची मालकीण स्वतःच्या स्वयंपाकघरात पाहुणी होते.

दुसरा मुद्दा मुलांचा. मुलं खात नाहीत! मुलं जे आपण खातो ते खातात, आणि आपण जे नाक मुरडतो ते सोडतात. खडकवासल्याला प्रबोधिनीत केरळपासून मणिपूरपर्यंतची पोरं असायची. दोन हजारांवर कॅडेट एका मेसमध्ये तेच जेवण जेवत. तीन वर्षांत कोणी उपाशी मेला नाही. तान्हं बाळ असेल, मधुमेह असेल, ॲलर्जी असेल, तर गोष्ट वेगळी. त्यांचं खाणं बरोबर न्या किंवा आधी फोन करून सांगा. कोणतंही घर ते आनंदाने सांभाळतं. पण दहा वर्षांच्या धडधाकट मुलाला चार दिवस मॅगीवर ठेवायला लेहपर्यंत कशाला न्यायचं?

तिसरा मुद्दा शाकाहाराचा. हा मुद्दा मी मानतो. ज्याला मांस चालत नाही त्याने ते खाऊ नये, आणि आग्रह कोणी करतही नाही. पण शाकाहार म्हणजे पनीर हे समीकरण कोणी शिकवलं? स्क्यू, छुतागी, पाबा, तांगतुर, खंबीर, जर्दाळू हे सगळं मांसाशिवाय होतं. कुमाऊंत भट्टाची चुडकाणी, गहत म्हणजे आपले कुळीथ, मडुव्याची म्हणजे नाचणीची भाकरी, झंगोऱ्याची खीर. सिक्कीममध्ये गुन्द्रुकाचं सूप. सगळं शाकाहारी. एकादशीला वरीचे तांदूळ खाणाऱ्याला झंगोरा परका का वाटावा? तो तर आपल्या वरईचाच चुलतभाऊ!

चौथा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे. लोक म्हणतात, 'तुम्हाला काय जातं सांगायला? त्या लोकांनाही गीझर हवाय, फरशी हवी आहे. तुमच्या हौसेसाठी त्यांनी शेणीच्या धुरात बसायचं का?' बरोबर आहे. बसू नये. गॅस यावा, कुकर यावा, सोलर हीटर यावा, सुनेसाठी वॉशिंग मशीन यावं. लडाख काही आपल्यासाठी काचेच्या कपाटात ठेवायची वस्तू नाही. रेशनवर स्वस्त तांदूळ आल्यापासून लडाखी माणूसही भात-डाळ खातो, आणि त्या घरात दुपारी भात-डाळ असेल तर तुम्हीही तीच खा. माझं म्हणणं 'जुनं खा' असं नाहीच. 'त्यांचं खा' असं आहे. त्यांनी काय बदलायचं ते त्यांना ठरवू द्या. आज ते ठरवत नाहीत, आपले तारे ठरवतात. कर्ज काढून बांधलेलं न्हाणीघर घरच्यांच्या सोयीसाठी असेल तर तो विकास. ते नसलं तर धंदा बसेल या धास्तीने बांधलेलं असेल, तर त्याला मी विकास म्हणायला तयार नाही.

आणि उलट टोकाच्या मंडळींचंही सांगून टाकतो. काही जण होमस्टेला जातात ते 'अस्सल' बघायला. आजीला जुना पोशाख घालायला लावतात, रिकामा चहाचा डबा घुसळायला लावून व्हिडिओ काढतात, आणि चहा मात्र पीत नाहीत. हे पनीरवाल्यांपेक्षा वेगळे नाहीत. एकाला घराचं हॉटेल हवंय, दुसऱ्याला नाटकाचा सेट. घर दोघांनाही नकोय.

कोकणातलं उदाहरण घ्या, म्हणजे जवळचं वाटेल. मालवणकडच्या एखाद्या घरात तुमची मावशी तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सुकटीची चटणी आणि सोलकढी वाढतेय, आणि पाहुणा म्हणतो, 'ये सब हटाओ, दाल मखनी लाओ.' तुमच्या पोटात गोळा येईल की नाही? असे पाहुणे आता तिकडेही यायला लागलेत, आणि तिकडच्या मेनूतही पनीर आलंय. आपण लडाखला जे करतो तेच कोणीतरी आपल्या दारात करतंय.

एखादा विचारेल, फौजी माणसाला जेवणाखाण्याची एवढी काळजी कशाला? काळजी आहे. ३ मे १९९९ ला बटालिक भागातल्या गारखोन गावचे ताशी नामग्याल हरवलेला याक शोधायला डोंगरात गेले. त्यांना वर अनोळखी माणसं दिसली आणि त्यांनी फौजेला खबर दिली. कारगिलची घुसखोरी कळायची सुरुवात तिथून झाली. उपग्रह नंतर आले, विमानं नंतर आली. आधी एक गावकरी होता, आणि तो तिथे होता कारण त्याचं घर, त्याचं जनावर, त्याचं शेत तिथे होतं. रिकाम्या गावात याक हरवत नाही आणि शोधायलाही कोणी जात नाही. हे सरकारलाही कळलंय. फेब्रुवारी २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने व्हायब्रंट व्हिलेजेस कार्यक्रम मंजूर केला. उत्तर सीमेवरची ४ राज्यं आणि लडाख मिळून १९ जिल्ह्यांतली २,९६७ गावं त्यात आहेत. लोकांनी सीमेवरची गावं सोडून जाऊ नये हा उद्देश.

सीमेवरच्या तरुण कुटुंबाला गावात थांबायला जी काही कारणं आहेत, त्यातलं एक चांगलं कारण होमस्टे आहे. घरात बसून, शेत न सोडता, आईच्या हातच्या जेवणावर चार पैसे. पण होमस्टे जर छोटं हॉटेलच व्हायचं असेल, तर हॉटेल चालवायला भांडवल लागतं, आणि भांडवल लेह, दिल्ली, चंदीगडला आहे. या स्पर्धेत गावातली आमा-ले पाच वर्षांत हरेल. तिची एकमेव ताकद म्हणजे जे दुसऱ्या कोणाकडे नाही ते तिच्याकडे आहे. तिची चूल, तिचं शेत, तिच्या गोष्टी. आपण जाऊन तेच नाकारतो. मग जमीन लीजवर जाते, पोरगा लेहला टॅक्सी चालवतो आणि घराला कुलूप.

म्हणून पुढच्या सुट्टीचं बुकिंग करताना एवढं करा. फोनवर 'खाने में क्या क्या मिलेगा' असं विचारू नका. 'आप लोग क्या खाते हैं, हम भी वही खाएँगे' असं सांगा. काय चालत नाही ते आधीच सांगा, काय हवंय ते सांगू नका. जेवणाची वेळ त्यांची पाळा, म्हणजे त्यांना तुमच्यानंतर गार जेवण जेवावं लागणार नाही. स्वयंपाकघरात बसायला मिळालं तर मोबाइल खिशात ठेवा आणि कणीक दाबायला हात पुढे करा. आंघोळीला एक बादली पुरते, आम्ही फौजी अर्ध्या बादलीत उरकतो. कोरडा संडास वापरा आणि फावडंभर माती टाकायला विसरू नका. निघताना भाड्यात घासाघीस करू नका. आणि घरी आल्यावर इंटरनेटवर लिहा, कारण ते तारेच आज गावं घडवतात आणि मोडतात. लिहा की स्क्यू उत्तम होता, पाबा पहिल्या दिवशी घशाखाली उतरला नाही पण तिसऱ्या दिवशी मागून घेतला, संडास कोरडा आणि स्वच्छ होता. पाच तारे द्या. पुढचा माणूस ते वाचून जाईल आणि पनीर मागणार नाही.

एवढं जमत नसेल तर खरंच हॉटेलात उतरा. तिथे पनीर चांगलं मिळतं.